ठेवणीतला पाचवा टायर

मंगळवारी सकाळी माझी पत्नी गेली. ती शाळेला निघाली होती. गाडीची किल्ली तिच्या हातात होती. ती दाराशी बसली आणि मग आडवी झाली. शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि वेळ लिहिली.

किल्ली शेजाऱ्यांनी संध्याकाळी आणून दिली. मी ती फ्रिजवर ठेवली आणि चार महिने उचलली नाही.

गाडी आमची असली तरी चालवायची तीच. पैठण तालुक्यातल्या एका गावात तिची जिल्हा परिषदेची शाळा होती आणि शहरातल्या गारखेड्यातून रोज जाऊन येऊन करायचं म्हणून दहा वर्षांपूर्वी आम्ही ती घेतली. पांढरी, लहान, चार माणसांची. लायसन माझ्याकडेही होतं, पण मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि महाविद्यालय घरापासून पायी दहा मिनिटांवर. सुट्टीत कुठं निघालो तर मी डाव्या सीटवर बसून वाचत असे. तिला त्याचं काही वाटत नसे. घाटात किंवा वळणावर वाचलं की मला उलटी होते, म्हणून तेवढं म्हणायची, "आता मान वर करा. नंतर मलाच पुसावं लागतं."

दर सहा आठवड्यांनी ती पाचोडला जायची. तिचे वडील तिथं पुतण्याच्या घरात राहतात. वय ऐंशीच्या पुढं. डाव्या डोळ्याचं काही राहिलेलं नाही. उजव्या डोळ्यात आतल्या पडद्यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं, ते शहरात. सकाळी ती त्यांना घेऊन यायची, दवाखान्यात त्यांच्याजवळ बसायची, डोळ्यात थेंब टाकायची, रांगेत पुढं कोण आहे, कुठल्या गावचं आहे हे त्यांना सांगत राहायची आणि दुपारी परत सोडून यायची. येताना डिकीत मोसंब्यांची पिशवी असायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की तारखा चुकवू नका; गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची आहे.

चार महिन्यांत तीन तारखा होत्या. पहिली तिच्या तेराव्याच्या आठवड्यातच आली आणि गेली, ती कुणाच्या ध्यानातही नव्हती. दुसऱ्या वेळी पुतण्या मला फोनवर म्हणाला, "नेतो की मी." मोसंबीची तोड चालू होती, नेलं नाही. तिसऱ्या वेळीही तेच झालं. चौथी तारीख दहा दिवसांवर आली तेव्हा मी फ्रिजवरची किल्ली घेतली.

पार्किंगमध्ये मागचा डावा टायर पूर्ण बसला होता. बाकीचे बसायच्या बेतात होते. वॉचमननं पायाचा पंप शोधून आणला. आम्ही दोघांनी आळीपाळीनं हवा भरली. मी आत बसायला गेलो तर सीट तिच्या उंचीला पुढं ओढलेली होती आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट मागं घेतली. बॅटरी दुसऱ्या दिवशी बदलून घेतली. गेटातून बाहेर काढताना डावीकडून थोडी घासली.

बीड बायपासवर टायरचं एक दुकान आहे. तिथं ती हवा भरायला, चाकं सरळ करून घ्यायला जायची. दुकानदाराला सगळे चाचा म्हणतात. मी गाडी लावली तेव्हा ते स्टुलावर बसून पाना पुसत होते. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला.

"सर, आज तुमी? मॅडम नै आये?"

"मॅडम आता नाहीत," मी म्हणालो.

त्यांनी पाना खाली ठेवला. "कब?"

"चार महिने झाले."

ते उठले. आत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले, स्टूल माझ्याकडं सरकवलं आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत गाडीभोवती हिंडत राहिले. डाव्या बाजूला खाली वाकले.

"ये ताजा है," घासलेल्या जागेवर बोट फिरवत म्हणाले. "दिवार?"

"गेट."

"गेट अच्छा है सर. दिवार से सस्ता पडता."

मग त्यांनी चाकं बघितली. टायरच्या बाजूनं बारीक भेगा गेल्या होत्या. नक्षीच्या खाचांमध्ये रबराच्या आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजत झिजत त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायचा असतो. माझे चारही आले होते. हे मला त्या दिवशी कळलं. मॅडम दिवाळीला बदलणार होत्या, असं चाचा म्हणाले.

चाक वर उचलून त्यांनी ते हातानं फिरवलं. "देखो सर. किदर से भी खाया नै. अंदर से नै, बाहर से नै. चारों एक सरिके घिसे. मॅडम का पाव हलका था. ब्रेक कम मारते थे वो, दूर का देखके गाडी छोड देते थे. टायर सब बोलता सर, किसने कैसी चलाई."

मी हात लावून पाहिला. दहा वर्षं मी त्या गाडीत तिच्या शेजारी बसलो होतो. ती ब्रेक कमी मारते हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम घ्यायच्या तेच द्या," मी म्हणालो. हे मी घरून ठरवूनच निघालो होतो. ती नेहमी पारखून चांगलं घ्यायची, साडीसुद्धा चार वेळा उलटसुलट करून; तिनं टायर चांगलेच घेतले असणार असं मी धरून चाललो होतो.

चाचांनी दोन टायर आणून माझ्यापुढं उभे केले. एक नावाजलेल्या कंपनीचा, दुसरा साधा. साध्यावर त्यांनी हात ठेवला. "मॅडम ये लेते थे."

"हा?"

"हौ. दोन बार यहीच."

मला दोन्ही सारखेच दिसत होते. चाचांनी मला अंगठ्याचं नख रोवून बघायला सांगितलं. महागड्यात नख थोडं रुतलं, साध्यात नाही. महागडा ओल्या रस्त्याला धरून राहतो, आवाज कमी करतो, दणका पोटात घेतो. साधा कोरड्या रस्त्याला ठीक आहे, पण पावसात थोडा पुढं जाऊन थांबतो. "थोडा म्हणजे किती?" मी विचारलं. चाचांनी दुकानाच्या उंबऱ्यापासून गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत बोट दाखवलं. ते फार नव्हतं. पण एक माणूस आडवा झोपेल इतकं होतं.

महागड्या टायरवरून मला आठवलं आणि मी म्हणालो, "आमच्याकडं एक नवा आहे. डिकीत. स्टेपनी. कंपनीतून गाडीबरोबर आलेला, एकदाही न वापरलेला. चांगल्यातला आहे. तो लावला तर तीनच घ्यावे लागतील."

त्याची हकिकत अशी. गाडीचे पहिले टायर झिजले तेव्हा चाचांनीच तिला सांगितलं होतं, की पाचवा कोरा आहे, तो खाली घ्या, झिजलेल्यांतला बरा बघून स्टेपनीत टाका. तिनं घरी येऊन मला विचारलं आणि मी नको म्हणालो. नवा आहे तर नवाच राहू दे, अडचणीला उपयोगी पडेल. आमच्या घरात असंच चालतं. पाहुण्यांसाठीचे कप कपाटात असतात आणि आम्ही कान तुटलेल्या कपातून चहा पितो. लग्नातली पैठणी तिनं दोनदा नेसली. ती तेव्हा म्हणाली होती, "ठेवणीतला टायर पहिल्यांदाच ऐकते मी." पण ठेवला. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवला.

चाचांनी चादर सोडली. टायर काळाभोर होता. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते तसेच होते. मला बरं वाटलं. चाचांनी टायर फिरवून बाजूवर कोरलेले चार आकडे माझ्यापुढं आणले.

"पढो सर. पहिले दोन हफ्ता, बाद के दोन साल."

आकडे वाचायला मला वेळ लागला नाही. पुस्तकाच्या मागच्या तारखांच्या चिठ्ठ्या वाचण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. टायर दहा वर्षांचा होता. चाचांनी दोन्ही हातांनी त्याची कड दाबून वाकवली. दाबल्याबरोबर नक्षीच्या तळाशी रेघा उघडल्या, खोल, एकीशेजारी एक.

"ये नवा नै सर," ते म्हणाले. "ये जुनाच है. चला नै, इतनाच."

आमच्या ग्रंथालयातही अशी पुस्तकं होती. कुणी न नेलेली, पानंसुद्धा न कापलेली. उघडली की काठ हातात यायचा. दर वर्षी मी स्वतः ती बाजूला काढत असे आणि त्यांच्याबद्दल मला कधी गैरसमज झाला नव्हता.

"तो बोलो," चाचा म्हणाले. "महँगावाला या साधा? पहले एक बात बताव. गाडी कितने दिन रखने की है? बेचने की है तो साधा डालो, मेरेकू भी बुरा नै लगता. चलाने की है तो अलग बात."

मी पुन्हा दोन्ही टायर बघितले. विचार करून सांगतो म्हणालो. चाचांनी हवा भरली आणि सांगितलं, "घर तक जाव. हायवे पे नक्को."

मुलगा पुण्यात असतो. त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला टायरचं सांगितलं.

"बाबा, विकून टाका ना आता. साधे टायर टाका, पॉलिश मारा. गिऱ्हाईक काय टायरवरच्या तारखा वाचत बसतं का?"

"मी वाचल्या असत्या."

"तुम्ही वाचल्याच असत्या," तो म्हणाला आणि हसला. चार महिन्यांत त्याला हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाला, "आजोबांची काळजी करू नका. दर वेळी मी इथून टॅक्सी सांगतो. ड्रायव्हर त्यांना नेईल, आणून सोडेल."

त्याचं चुकीचं नव्हतं. मी त्यावर एक दिवस विचार केला. ड्रायव्हर दवाखान्याच्या दारापर्यंत आणील. आत थेंब कोण टाकणार आणि रांगेत पुढं कोण आहे ते कोण सांगणार, एवढंच राहत होतं. शिवाय मला एक माहीत नव्हतं, ते म्हणजे सासऱ्यांना मी यायला हवा आहे का. तेराव्याला निघताना ते मला म्हणाले होते, "आता तुमी मोकळे, जावईबापू." ते त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण त्या दिवसापासून ना त्यांचा फोन आला होता, ना मी केला होता.

म्हणून मी एसटीनं पाचोडला गेलो. बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून घरापर्यंत माणसं, शेळ्या आणि भाजीची पालं यांतून चालत गेलो. सासरे पत्र्याच्या पडवीत बसून सुतळीचं दावं वळत होते. त्याला डोळे लागत नाहीत.

"कोण हाय?"

"मी, मामा."

दाव्याचा पीळ त्यांनी अंगठ्याखाली धरून ठेवला. "जावईबापू? पायाचा आवाज तुमचाच वाटला. गाडी कुठंय? इकली का काय?"

"नाही. टायर गेलेत. एसटीनं आलो."

"टायर गेले तर टायर टाकावं. मानूस एष्टीनं हिंडतं व्हय त्याच्यापायी."

पुतण्याच्या बायकोनं चहा दिला. मी विचारलं, डोळा कसा आहे. ते म्हणाले, बरा हाय. भिंतीवर घड्याळ होतं. मी विचारलं, किती वाजले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि म्हणाले, "च्या आला म्हंजी चार वाजले असतील." मागच्या वेळी, ती होती तेव्हा, त्यांनी याच घड्याळात वेळ पाहून तिला लवकर निघ म्हटलं होतं.

"येत्या गुरुवारी तारीख आहे," मी म्हणालो. "मी न्यायला येतो."

"तुमी हाकनार?"

"हो."

ते हसले. "लेक हाकायची अन् तुमी पुस्तक वाचायचे. आता म्या हाकतो, तुमी वाचा."

आतून पुतण्याची बायकोही हसली. मग ते दावं पुन्हा वळायला लागले.

"नगं," वळता वळता म्हणाले. "जावयाला डायवर करून हिंडतो म्हनत्याल लोकं. आमच्यात जावयाला पाट टाकतेत, गाडी हाकायला लावीत नाईत. लेक होती तवर तिचं ती बघायची. आता तुमाला कशापायी तरास? अन् किती दिस करताल तुमी?"

हाच प्रश्न मला बायपासवर विचारला गेला होता. तिथं मला उत्तर सुचलं नव्हतं. इथं माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं.

"गाडीचं पासिंग अजून पाच वर्षं आहे," मी म्हणालो.

"पाच वर्सं? तवर म्या ऱ्हातो का?"

"मी तरी राहतो का?"

"तुमी ऱ्हाताल. पुस्तक वाचनाऱ्याला काय हुतंय," ते म्हणाले. दावं बाजूला ठेवलं. "टायर कंचे टाकनार?"

मी त्यांना सगळं सांगितलं. महागडा, साधा, तिनं साधे घेतले होते तेही. ते ऐकून त्यांनी आपल्या बैलगाडीचं सांगितलं. लाकडी चाकं काढून त्यांनी पहिल्यांदा रबरी टायर लावले, ते ट्रकचे जुने, गुळगुळीत झालेले होते. ओल्या वाटेनं उतार आला की भरली गाडी घसरून बैलाच्या अंगावर यायची. "बैल उताराच्या आधीच कान पाडायचा. त्याला कळायचं. मला नाय कळायचं, म्या वर बसल्यालो."

"मग टायर बदलले?"

"बैल बदलला. टायराला पैका नव्हता, अन् बैल तसाबी म्हातारा झाला व्हता." मग म्हणाले, "लई गुनाचा बैल व्हता."

मी निघालो तेव्हा त्यांनी येऊ नका असं पुन्हा म्हटलं नाही. पुतण्याच्या बायकोला म्हणाले, "गुरवारी धोतर धुतल्यालं काढून ठिव."

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेलो. "पाच वर्षं," मी सांगितलं. "सहा आठवड्यांना एकदा पाचोड. बाकी गावातल्या गावात."

चाचांनी हिशेब न करताच मान हलवली. "इतने में तो टायर घिसेगाच नै सर. बुढा होइंगा. महँगावाला जास्ती चलता बोलके लेना, वो बात तुमारे काम की नै." ते साध्या टायरकडं वळले आणि थांबले. "एक बोलूँ? बुरा नक्को मानो. मॅडमकू साधा चल जाता था. मॅडम दूर से गाडी छोडते थे. तुमारे आते वक्त देखा मैं. तुमी आखरी में ब्रेक मारते. तुमकू साधा नै चलता."

वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी साध्या टायरला पुन्हा एकदा नख लावून पाहिलं. तिनं घेतले तेच घ्यावेत, म्हणजे निदान एक गोष्ट तिच्यासारखी होईल, असं मला वाटत होतं. तिनं साधे का घेतले हे मला माहीत नाही. पैशाकडं बघून घेतले असतील, किंवा स्वतःच्या पायावर भरवसा होता म्हणून. विचारायला दहा वर्षं होती.

"महागडे द्या," मी म्हणालो. "पाच."

"पाँच? स्टेपनी में पुराना भी चलता सर."

"पाचवाही फिरवायचा. दर वेळी एक आत, एक बाहेर."

"मैं तो मॅडमकू तबीच बोला था," चाचा म्हणाले. नको कोण म्हणालं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी पाचही टायरवरचे चार-चार आकडे मी न विचारता वाचून दाखवले आणि मीही एकेक वाचून घेतला. जुना ठेवणीतला टायर मी त्यांच्याकडंच सोडला. चादरीचा तुकडा घरी आणला.

गुरुवारी पहाटे निघालो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पाचोडहून परत येताना सासरे डाव्या सीटवर, जिथं मी बसायचो तिथं, मांडीवर टोपी ठेवून बसले होते. मी किती वेगानं चालवतोय हे त्यांना दिसत नव्हतं, पण कळत होतं.

"जावईबापू, बैलं बरी व्हती," ते म्हणाले. "निदान मदी मदी पळायची."

आडूळच्या अलीकडं ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणली होती. तिचा पातळ थर पसरला होता. मला तो उशिरा दिसला आणि त्याच वेळी पलीकडून मेंढ्या रस्त्यावर आल्या. मी ब्रेक दाबला, नेहमीसारखा उशिरा. गाडी सरळ राहिली आणि थांबली. पहिल्या मेंढीच्या आणि आमच्या मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा उरली. मेंढक्यानं माझ्याकडं बघितलं आणि काठी हलवत कळप पुढं नेला.

सासऱ्यांनी दोन्ही हात समोर टेकवले होते. "थांबली का?"

"थांबली."

"काय हाय म्होरं?"

मला वाटलं, नुसतं मेंढ्या म्हणावं. मग मी मान वर करून नीट बघितलं. "मेंढरं आहेत. चाळीस-पन्नास असतील. मागं एक घोडं आहे, त्याच्यावर बाजलं अन् कोंबड्या. एक बाई आहे."

"नाशकाकडची का हिकडची?"

"ते नाही कळत."

"लेकीला कळायचं," ते म्हणाले. "हाका आता."

दवाखान्यात डॉक्टरांनी तारखा चुकल्याबद्दल मला बोल लावले. मी ऐकून घेतले. मधल्या काळात काही नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. मी दर दहा मिनिटांनी थेंब टाकले. रांगेत पुढं एक कन्नड तालुक्यातले गृहस्थ आणि त्यांची सून होती, ते त्यांना सांगितलं.

त्याला आता दोन पावसाळे झाले. मुलगा गाडी विकायचं अजून अधूनमधून काढतो. दर सहा आठवड्यांनी मी पाचोडला जातो, आणि जाण्याच्या आधी चाचा हवा बघतात. सासऱ्यांना उजव्या डोळ्यानं दार आणि दारातलं माणूस दिसतं, घड्याळ दिसत नाही. गाडीचं पासिंग तीन वर्षं राहिलं आहे. पाचही टायर सारखे झिजत आहेत, पण मी वळणावरही उशिराच ब्रेक मारतो म्हणून बाहेरच्या कडेनं थोडे जास्त.